लोहवलयाची कथा : कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

बोटास काटा रुतला की तांबड्या रक्ताचा थेंब वर येतो. शिवारातील सोयाबीनचे पान हिरवेगार असते. घरी आईने बटाटा चिरला तर तो आतून फिकट पांढरा दिसतो. रक्त, पान आणि बटाटा या तीन वस्तूंचे परस्परांशी काही नाते असेल, अशी शंकाही पाहणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. एक मनुष्याच्या देहात वाहते, दुसरे उन्हात डोलते, तिसरा मातीखाली अंधारात वाढतो. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहू जाता या तिन्हींच्या अंतरंगात जवळजवळ एकाच घडणीचे एक अतिसूक्ष्म कडे सापडते. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मात्र त्यावाचून रक्ताला प्राणवायू वाहता येणार नाही, पानाला अन्न करता येणार नाही आणि बटाट्यालाही जिवंत राहता येणार नाही. या कड्याचा वनस्पतींतील शोध घेणाऱ्यांत एक मराठी विदुषी होती. तिचे चरित्र सांगावे आणि त्याबरोबर त्या कड्याचीही ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

कमलाबाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. घराणे विद्याव्यासंगी होते. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांनीही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिक्षण घेतले होते. थोरली बहीण दुर्गाबाई भागवत पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासक व थोर मराठी लेखिका म्हणून प्रसिद्धीस आल्या. अशा घरात वाढलेल्या कमलाबाईंना रसायनशास्त्राची गोडी लहानपणीच लागली, यात नवल नाही. वडिलांनी व चुलत्यांनी जेथे विद्या संपादन केली तेथेच आपणही जावे, हे त्यांच्या मनाने घेतले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी भौतिक व रसायन हे विषय घेऊन पहिल्या वर्गात मिळविली आणि बंगळूरास अर्ज धाडला.

त्या वर्षी संस्थेचे संचालकपद सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. भौतिकशास्त्रातील १९३०चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळालेले. अवघ्या हिंदुस्थानास ज्यांचा अभिमान वाटे असे ते शास्त्रज्ञ. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणासाठी. थोर माणसाच्या हातूनही अन्याय घडू शकतो, आणि तो अन्याय आहे असे सांगण्याने त्याच्या खऱ्या थोरवीस उणेपणा येत नाही, ही गोष्ट या प्रसंगावरून मुलांनी ध्यानी धरावी.

कमलाबाई घरी बसल्या नाहीत. त्या बंगळूरास गेल्या, संचालकांपुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण मागू लागल्या. तो काळ महात्मा गांधींच्या सत्याग्रहाचा होता. त्याच मार्गाने, आरडाओरडा न करता, परंतु जागचे न हलता त्यांनी आपला हक्क मागितला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल. आणि आपल्या वावराने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ देता कामा नये. शेवटची अट किती अपमानकारक होती हे सांगावयास नको. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, तो अपमान मात्र कधी विसरल्या नाहीत. पुढे वृद्धापकाळीही त्यांनी या प्रसंगाची कठोर शब्दांत आठवण केली.

बंगळूरास त्यांना श्रीनिवासय्या नावाचे साक्षेपी गुरू लाभले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. ज्या देशातील असंख्य लोकांना मांस मिळत नाही वा चालत नाही, त्या देशात तूर, मूग, हरभरा यांच्या डाळींत शरीर घडविणारे द्रव्य किती व कसे आहे हा प्रश्न काही लहान नव्हता. वर्ष संपले तेव्हा त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित संशोधनाची मुभा मिळाली आणि त्यांच्यामागून इतर मुलींनाही संस्थेचे दार उघडले. एकीने वर्षभर परीक्षा दिली आणि तिचे फळ पुढच्या पिढ्यांतील मुलींच्या पदरी पडले.

१९३६ साली एम्. एस्सी. झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई विलायतेस केंब्रिज विद्यापीठात गेल्या. १९३७च्या अखेरीस त्यांनी तेथील न्यूनॅम महाविद्यालयात नाव घातले. त्या काळी केंब्रिजच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स हे होते. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते. प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी काम केले. हिल हे वनस्पतींच्या पेशींत काय घडते याचा अभ्यास करणारे नामांकित संशोधक. त्यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंपुढे जो विषय आला तो समजण्यासाठी आपणांस चरित्र क्षणभर बाजूस ठेवून कड्यांच्या जगात डोकावले पाहिजे.

मुलांनो, जगातील सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत आणि अणू एकमेकांस जोडले जाऊन रेणू तयार होतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. आता अशी कल्पना करा की प्रत्येक अणूला हात आहेत. हैड्रोजनला एक हात, प्राणवायूच्या अणूला दोन, नत्राला तीन आणि कर्बाला, म्हणजे कार्बनला, चार. या हातांनी ते एकमेकांस धरतात. चार हातांचा कर्ब यात मोठा मिळाऊ. तो इतर कर्बांचे हात धरून लांबच लांब रांगा करू शकतो. तेल, तूप, रॉकेल यांच्या रेणूंत अशा रांगा असतात.

पंचमीच्या सणाला मुली फेर धरतात ते तुम्ही पाहिले असेल. आधी मुली हात धरून रांगेत उभ्या राहतात. मग रांगेतील शेवटची मुलगी पहिलीचा हात धरते आणि रांगेचा फेर होतो. मुली त्याच, हात तेच, पण आता रांगेला टोक उरले नाही. अणूंचेही असेच होते. रांगेच्या दोन टोकांचे अणू एकमेकांस जोडले गेले म्हणजे वलयाकार रेणू बनतो. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२५ साली बेंझीन नावाचा द्रव शोधून काढला. त्याच्या रेणूत सहा कर्ब व सहा हैड्रोजन असतात हे कळले, पण ते परस्परांस कसे जोडले असावेत हे कोडे पुष्कळ वर्षे सुटेना. कर्बाच्या चार हातांचा हिशेब रांगेत नीट बसेना. शेवटी १८६५ साली जर्मन रसायनज्ञ केकुले याने सुचविले की हे सहा कर्ब फेर धरून उभे आहेत. रसायनशास्त्रास वलयाची किल्ली मिळाली. आज आपण जाणतो की कपड्यांच्या पेटीत ठेवावयाच्या डांबराच्या गोळीचा रेणू म्हणजे एकमेकांस चिकटलेली अशी दोन वलये होत. हळदीला पिवळेपणा देणाऱ्या द्रव्याच्या दोन्ही टोकांस एकेक वलय असते. आणि द्राक्षशर्करेचा रेणूही पाण्यात बहुतेक वेळ पाच कर्ब व एक प्राणवायू यांचा फेर धरूनच असतो.

फेरातील मुलींनी कधी एकमेकींचा एक हात धरावा, कधी दोन्ही हात धरावे, तसे वलयातील अणूही करतात. एक जोडी एका हाताने बांधलेली, तिच्या शेजारची जोडी दोन हातांनी, मग पुन्हा एका हाताने, असा क्रम लागला म्हणजे मोठी गंमत होते. त्या जादा हातांचे इलेक्ट्रॉन कोणत्याही एका जोडीच्या मालकीचे राहत नाहीत; ते सगळ्या वलयावर पसरतात. अशा मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे वलय पुरेसे मोठे असेल तर ते सूर्यप्रकाशातील काही रंग गिळून टाकते आणि उरलेले रंग आपल्या डोळ्यांकडे येतात. जगातील कितीतरी रंगांचे मूळ या फेरात आहे.

आता आपल्या कड्याकडे वळू. चार कर्ब व एक नत्र यांनी मिळून पाच अणूंचे एक लहान वलय होते. त्यास पायरोल म्हणतात. अशी चार लहान वलये चौरसाच्या चार कोपऱ्यांवर ठेवा आणि शेजारच्या दोहोंमध्ये एकेका कर्बाचा पूल बांधा. चार लहान वलयांचे मिळून एक मोठे वलय तयार होईल. मोजून पाहा : प्रत्येक लहान वलयातील चार याप्रमाणे सोळा कर्ब आणि पुलांचे चार, असे एकूण वीस कर्ब व चार नत्र. या मोठ्या वलयास पॉर्फिरिन असे नाव आहे. त्यातील चारही नत्रांची तोंडे आतल्या बाजूस, मध्यभागाकडे असतात, आणि तेथे बरोबर एका धातूच्या अणूपुरती जागा मोकळी राहते. बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी तुंबा असतो व आरे त्याला येऊन मिळतात. तसा मध्ये धातूचा अणू बसतो आणि चार नत्र त्याला चोहोंकडून धरून ठेवतात.

मध्यभागी लोखंडाचा अणू बसला तर त्या वलयास हीम म्हणतात. आपल्या रक्ताचा तांबडा रंग या हीमचा आहे. थोड्या फरकाने बनलेल्या अशाच वलयाच्या मध्यभागी लोखंडाऐवजी मॅग्नेशियम बसले की ते हरितद्रव्य होते, आणि पाने हिरवी दिसतात. हरितद्रव्यातील मॅग्नेशियमचा शोध घेणाऱ्या विल्स्टेटर या जर्मन शास्त्रज्ञास १९१५ साली, तर हीमचे वलय प्रयोगशाळेत घडवून दाखविणाऱ्या हान्स फिशर यास १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका तांबड्या रक्तपेशीत या लोखंडी वलयांची संख्या शंभर कोटींहून अधिक भरते. फुप्फुसात प्रत्येक वलय प्राणवायूचा एक रेणू उचलते आणि शरीराच्या गरजू भागात नेऊन सोडते.

पालकांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. कोळसा अर्धवट जळाला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातील लोखंडी वलयाला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. थंडीच्या दिवसांत दारेखिडक्या लावून, पेटती शेगडी उशाशी घेऊन निजलेली माणसे झोपेतच दगावतात त्याचे कारण हेच. अशी शेगडी निजावयाच्या बंद खोलीत कधीही ठेवू नये.

परंतु फुप्फुसातून प्राणवायू पेशीच्या दारापर्यंत पोचला एवढ्याने काम संपत नाही. पेशीच्या आत अन्नाचे ज्वलन व्हावयाचे असते; ज्वाळा न होता, अगदी सावकाश. हे कसे होते? १९२५ साली केंब्रिज येथेच डेव्हिड कीलिन यांनी पेशींच्या आत एक रंगद्रव्य असल्याचे दाखवून त्यास सायटोक्रोम, म्हणजे पेशीतील रंग, असे नाव दिले. प्रकाशाचे रंग अलग करणाऱ्या यंत्रातून पाहिले असता त्याचे काळे पट्टे दिसत. त्याच्याही पोटात तेच लोखंडी वलय होते. मात्र येथे त्याचे काम प्राणवायू वाहण्याचे नव्हते. विहिरीपासून आग लागलेल्या घरापर्यंत माणसे ओळीने उभी राहून पाण्याची बादली एकमेकांच्या हाती देतात, तसे हे सायटोक्रोम अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतात. वलयातील लोखंड इलेक्ट्रॉन घेते व सोडते, पुन्हा घेते व पुन्हा सोडते. ओळीच्या शेवटी प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी बनते. या देवघेवीत जी शक्ती सुटते तिच्यावर आपला श्वास, चालणे, विचार करणे, सर्व काही चालते.

आता आपण पुन्हा कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत येऊ. प्राण्यांच्या स्नायूंत सायटोक्रोम विपुल. तेथे त्याचा अभ्यास सोपा. वनस्पतींच्या श्वसनात त्याचे स्थान काय, हे मात्र तितके उघड नव्हते. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग इतका दाट की त्यापुढे दुसरा फिका रंग ओळखणे कठीण. बटाट्यात ती अडचण नाही. तो जमिनीखाली वाढतो, हिरवा नसतो, आणि खणून काढल्यावरही मरत नाही. साठविलेल्या बटाट्यांच्या ढिगात ऊब निर्माण होते व काही दिवसांनी त्यांना कोंब फुटतात, हे तुम्ही पाहिले असेल. तो निमूटपणे श्वास घेत असतो आणि स्वतःतील पिठाचे हळूहळू ज्वलन करीत असतो.

या बटाट्यावर काम करीत असता, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी नावाचे द्रव्य आहे आणि त्यांच्या श्वसनक्रियेत ते भाग घेते, असे कमलाबाईंनी दाखवून दिले. हिल व त्यांनी मिळून फुलझाडांतील या क्रियेविषयीचे एक टिपण १९३९ साली नेचर या जगप्रसिद्ध शास्त्रीय साप्ताहिकात प्रसिद्ध केले. त्यावर त्यांचे नाव कमला भागवत असे आहे. सुमारे चौदा महिन्यांत त्यांनी आपले संशोधन पुरे केले, आणि जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर केंब्रिजने त्यांना त्याच वर्षी पीएच्. डी. ही पदवी दिली. विज्ञानविषयात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

या शोधाचे महत्त्व कशात आहे? दोन पायांवर चालणारा मनुष्य आणि मातीखालचा बटाटा यांच्या बाह्य रूपात काडीचेही साम्य नाही. एकाला फुप्फुसे आहेत, दुसऱ्याला नाहीत; एकाला रक्त आहे, दुसऱ्याला नाही. तरीही पेशीच्या अगदी आतल्या खोलीत अन्न जाळण्याची रीत दोघांचीही एकच आणि तेथे राबणारे लोखंडी वलयही एकच. पुढे शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या जीवांतील सायटोक्रोम-सी ताडून पाहिले तेव्हा हे साम्य अधिकच ठसठशीत झाले. माणसाच्या सायटोक्रोम-सीमध्ये प्रथिनाचे १०४ दुवे आहेत. वनस्पतींत ते थोडे अधिक असतात. परंतु त्यांची घडण इतकी मिळतीजुळती आहे की हे सर्व एकाच प्राचीन वंशाचे असल्याविषयी शंका राहत नाही.

१९३९ साली कमलाबाई स्वदेशी परतल्या. परदेशात राहून नावलौकिक मिळविण्याची वाट त्यांनी धरली नाही. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे कुन्नूर येथील पोषणविषयक प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक संचालक म्हणून काम केले. १९४७ साली त्यांचा विवाह श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा विभाग नव्याने सुरू झाला होता. त्यात त्या प्राध्यापक झाल्या. कालांतराने त्या संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांसह जे संशोधन केले त्यात केंब्रिजच्या बटाट्याचाच धागा दिसतो. गरिबाच्या ताटात जे येते त्यात काय आहे, हे त्यांना पाहावयाचे होते. कडधान्यांतील पोषक द्रव्ये तपासली, तशीच त्यांतील पचनास अडथळा आणणारी द्रव्येही त्यांनी तपासली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडामाडांच्या ताज्या, न आंबलेल्या रसाचा, म्हणजे नीरेचा, अभ्यास हाती घेतला. नीरेत जीवनसत्त्वे व लोह आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात ती दिली असता त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

लोह आणि वलय यांचा हा संबंध आपल्या घरांशीही आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरात लोखंड अवघे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याइतके असते, आणि त्यापैकी सुमारे दोनतृतीयांश रक्तातील हीमच्या वलयांत गुंतलेले असते. आहारातून लोह मिळाले नाही तर वलयाच्या मध्यभागी बसवावयास अणूच उरत नाही. मग रक्त फिके पडते, चालताना दम लागतो, मुलांचे चित्त अभ्यासात लागत नाही. वयात येणाऱ्या मुली व गरोदर स्त्रिया यांना लोहाची गरज अधिक. आणि घरात सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले अन्न बहुधा त्यांच्याच वाट्यास येते. हरभऱ्याची पालेभाजी, बाजरी, तीळ, अळीव यांत लोह आहे. त्यांबरोबर लिंबू किंवा आवळा घेतला तर ते अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. मुलगी नेहमी थकलेली दिसत असेल तर तिला आळशी न म्हणता वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी.

एवढ्यावर कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. तिच्या कार्यात त्याही होत्या व पुढे तिच्या अध्यक्षाही झाल्या. दुधात पाणी, तुपात डालडा, मसाल्यात रंग ही भेसळ गृहिणीला ओळखता यावी म्हणून त्यांनी परिश्रम घेतले आणि आहाराविषयी सोप्या मराठीत लेखन केले. ज्या हातांनी केंब्रिजला वनस्पतींच्या श्वसनाचे कोडे उलगडले, त्यांनाच बाजारातील हळदीची पारख करणेही कमीपणाचे वाटले नाही.

१९९८ साली दिल्ली येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. तो गौरव त्यांच्या पदरी पडला तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली होती.

माकणीच्या विद्यार्थ्यांना या चरित्रातील वलय पाहण्यासाठी केंब्रिजला जाण्याची आवश्यकता नाही. तेरणेच्या या परिसरात सोयाबीन पिकते. श्रावण महिन्यात, पीक फुलावर येत असता, वडिलांची परवानगी घेऊन बांधाकडेचे एक झाड मुळासकट अलगद उपटावे. मुळांवर वाटाण्याहून लहान अशा गाठी दिसतील. त्यांतील एक गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी तांबडा रंग दिसला तर समजावे की तेथे आपल्या रक्तातील हीमचेच वलय आहे. १९३९ साली, म्हणजे कमलाबाई डॉक्टर झाल्या त्याच वर्षी, कुबो या जपानी शास्त्रज्ञाने या रंगातील हीम ओळखले. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकासाठी धरून ठेवतात. त्यांना प्राणवायू हवा असतो, पण फार झाला तर त्यांचे काम बंद पडते. म्हणून हे तांबडे द्रव्य तो बेताबेताने पुरविते. गाठ आतून फिकी वा हिरवट असेल तर ती नत्र धरीत नाही असे समजावे. शेतकऱ्यालाही ही परीक्षा उपयोगी आहे.

आणि पालकहो, अशी गाठ फोडून, हा रंग येथे कसा आला असे विचारणारी तुमची मुलगी असेल, तर तिला गप्प बसवू नका. १९३३ साली बंगळूरच्या दारातून कमलाबाई निमूट मागे फिरल्या असत्या, तर बटाट्यातील त्या वलयाच्या शोधावर आज एका मराठी स्त्रीचे नाव नसते. तिने प्रश्न विचारला, उत्तर मिळेपर्यंत ती तेथेच उभी राहिली. आणि तिच्या पाठीशी तिचे वडील व चुलते होते.